बरणीतला तारामासा आणि समुद्राचा जनुक-नकाशा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांत शिक्षकांच्या कार्यशाळांच्या निमित्ताने आमचे अधूनमधून जाणे होते. प्रयोगशाळेतल्या लाकडी कपाटात काचेच्या बरण्यांची रांग असते आणि त्या रांगेत बहुधा एक तारामासा असतो. शेजारी कधी समुद्रघोडा, कधी लहानसा ऑक्टोपस. आतला द्रव पिवळट पडलेला, झाकणाच्या कडेने मेण लावलेले, आणि बरणीवर चिकटवलेल्या कागदावर फक्त नाव. समुद्र येथून दोन-तीनशे किलोमीटर दूर. खानदेशातल्या मुलाची समुद्री जीवांशी पहिली ओळख होते ती अशा बरणीतून, नाहीतर आठवडे बाजारात सुकट-बोंबलाच्या ढिगातून.

धुळ्याजवळच्या एका शाळेत नववीतल्या एका मुलीने त्या तारामाशाकडे बोट दाखवून विचारले, "सर, हा कुठल्या समुद्रातला?" आम्ही बरणी उचलून फिरवून पाहिली. मागे काही नाही, तळाला काही नाही. शिक्षक म्हणाले, "आमच्या आधीच्या सरांच्याही आधीपासून आहे तो." त्यामुळे प्रश्न तसाच राहिला.

या लेखात त्या मुलीचा प्रश्न आम्ही काही मोठ्या मंडळींना विचारणार आहोत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत समुद्रातील जीवांच्या जनुकांचा शोध घेणाऱ्या अनेक मोहिमा निघाल्या. त्यांची वर्णने वैज्ञानिक नियतकालिकांतून आणि वृत्तपत्रांतून आली. 'लाखो नवी जनुके सापडली', 'महासागराचा जनुक-नकाशा तयार होणार' असे मथळे शिक्षकांनी वाचले असतील, काहींनी कात्रणे काढून भित्तिपत्रकावर लावलीही असतील. ही वर्णने वाचताना कशाकडे लक्ष द्यावे, कशाला दाद द्यावी आणि कोठे थांबून शंका घ्यावी, हे येथे पाहू. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, जनुकांची संख्या हा अशा संशोधनाचा शेवटचा आणि तुलनेने सोपा भाग आहे. नमुना पाण्याबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या तासात काय केले आणि काय लिहून ठेवले, यावर पुढच्या सगळ्याचा भरवसा अवलंबून असतो. मात्र मथळ्यांत नेमका तोच भाग गाळला जातो.

चार प्रश्नांची कसोटी

अशी कोणतीही हकिकत वाचताना चार प्रश्न विचारावेत. पहिला, नमुना कोठून, केव्हा, किती खोलीवरून आणि कोणत्या साधनाने घेतला? दुसरा, तो घेतल्यापासून टिकवण्याच्या द्रवात किंवा थंडीत जाईपर्यंत किती वेळ गेला आणि तो कशात ठेवला? तिसरा, जे सापडले ते समुद्रातलेच आहे, आपल्या हातांतून, नळीतून किंवा बाटलीतून मिसळलेले नाही, हे कशावरून? चौथा, तो कोणाच्या परवानगीने घेतला, आणि त्याचा उरलेला भाग व नोंदी आज कोठे आहेत? शाळेतली बरणी या चारही प्रश्नांत नापास होते. मोठ्या मोहिमांचे काय होते ते पाहू.

फॉर्मॅलिनचे दिवस

सुरुवात आपल्याच महासागरापासून करू. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. अनेक देशांची मिळून चाळिसेक जहाजे तीत सामील झाली. याच मोहिमेतून आपल्याकडे समुद्रविज्ञानाची स्वतंत्र संस्था असावी हा विचार पक्का झाला आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे.

या मोहिमेची एक गोष्ट आजही शिकण्यासारखी आहे. प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगत जाणारे बारीक प्राणी, पकडण्यासाठी वेगवेगळ्या देशांच्या जहाजांना एकाच मापाची जाळी दिली होती. ती दोनशे मीटर खोलीवरून सरळ वर ओढायची, हेही ठरलेले होते. जाळी एक आणि पद्धत एक असल्यामुळे एका जहाजाचे नमुने दुसऱ्याच्या नमुन्यांशी ताडून पाहता आले. हे नमुने कोचीन येथील केंद्रात एकत्र आणून निवडले गेले आणि त्यांवरून हिंदी महासागरातील प्लवकांच्या वाटणीचे नकाशे छापले गेले. आमच्या पहिल्या प्रश्नाला या मोहिमेने चोख उत्तर दिले होते.

दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र अडचण येते. नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवले होते. त्या काळी तोच रिवाज होता, आणि प्राण्याचा आकार, काटे, पायांचे सांधे पाहायचे असतील तर तो उत्तमही होता. पण जनुके वाचायची तर फॉर्मॅलिन हा वैरी ठरतो. तो प्रथिनांना एकमेकांशी आणि डीएनएच्या धाग्याशी जखडून टाकतो. शिवाय तो वर्षानुवर्षे पडून राहिला की त्यातून फॉर्मिक आम्ल तयार होते, आणि त्या आम्लाने धाग्याचे तुकडे पडत जातात. हल्ली काही संग्रहालयांतल्या अशा नमुन्यांतून डीएनएचे आखूड तुकडे वाचण्यात यश आले आहे. पण ते कष्टाचे काम आहे आणि दर वेळी साधतेच असे नाही.

यासाठी त्या पिढीला दोष देणे योग्य होणार नाही. डीएनएची रचना १९५३ साली कळली होती, पण त्यावरील अक्षरे वाचण्याची सँगर यांची पद्धत आली १९७७ साली. ज्याची कल्पनाच नव्हती त्यासाठी कोणी तयारी कशी करणार? गंमत अशी की, १८७२ ते १८७६ या काळात जगाची सफर करणाऱ्या 'चॅलेंजर' जहाजावर नमुने मुख्यतः मद्यार्कात ठेवले जात. फॉर्मॅलिनचा असा उपयोग सुरू झाला १८९३ नंतर. जनुकशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर एकोणिसाव्या शतकातली मंडळी नकळत अधिक बरोबर होती. आज टिकवलेला नमुना उद्या कोणत्या प्रश्नासाठी लागेल हे आज कळत नसते, एवढा धडा यातून घ्यावा.

मद्यार्क, थंडी आणि शिसपेन्सिल

मद्यार्क नेमके काय करतो? प्राणी मेला की त्याच्याच पेशींतली काही विकरे डीएनएचे तुकडे करू लागतात. या कामासाठी पाणी लागते. पंच्याण्णव टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल पेशीतले पाणी ओढून घेते आणि विकरांचे काम थांबते. बाजारातला सुका बोंबीलही याच तत्त्वावर टिकतो. बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवलेल्या या माशातून जातीची ओळख पटण्यापुरता डीएनए मिळू शकतो. कॅनडातील संशोधकांनी २००३ साली मांडलेल्या पद्धतीत एका जनुकाची सुमारे साडेसहाशे अक्षरे वाचून प्राण्याची जात ओळखतात. तेवढी पूर्ण मिळाली नाहीत, तरी पुष्कळदा त्यांच्या एखाद्या तुकड्यावरूनही काम भागते.

मात्र मद्यार्काचीही काही पथ्ये आहेत. प्लवकांच्या शरीरात पाणीच जास्त. बाटलीत निम्मे प्लवक आणि निम्मे इथेनॉल घातले, तर थोड्याच वेळात इथेनॉल पातळ होऊन निकामी होते. म्हणून नमुन्याच्या निदान चार-पाच पट इथेनॉल घ्यावे लागते आणि एक दिवसाने ते ओतून नवे भरावे लागते. रात्रपाळीला ओकाऱ्यांनी हैराण झालेल्या माणसाकडून हेच काम हमखास राहून जाते. आरएनए तर याहून नाजूक. जिवाणूंतील संदेशवाही आरएनए काही मिनिटांत बदलतो. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजनची उणे १९६ अंश सेल्सिअसची थंडी किंवा अमोनियम सल्फेटचे तीव्र द्रावण लागते. पुढे ती थंडी प्रयोगशाळेपर्यंत न तुटता न्यावी लागते. मे महिन्यात ४४-४५ अंशांचा जळगावचा उन्हाळा आणि भारनियमन ज्यांनी सोसले आहे, त्यांना 'न तुटता' या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

येथे आमचीच एक चूक सांगतो. आम्ही संशोधक विद्यार्थी होतो तेव्हाची गोष्ट. अरबी समुद्रात एका जहाजावर आम्ही तीन रात्री जागून चाळीसएक बाटल्यांत प्लवकांचे नमुने भरले. इथेनॉल चांगल्या प्रतीचे होते, प्रमाण बरोबर होते, दुसऱ्या दिवशी ते बदललेही होते. प्रत्येक बाटलीच्या झाकणावर मार्कर पेनने ठिकाण, तारीख व खोली लिहिली होती. न पुसणारी शाई असे त्या पेनवर छापलेले होते. चौथ्या रात्री समुद्र खवळला, खोक्यात बाटल्या आडव्या झाल्या, दोन-तीन झाकणे सैल झाली. सकाळी खोके उघडले तेव्हा चाळीसही झाकणे स्वच्छ पांढरी होती. पाण्याने न पुसणारी शाई मद्यार्काने धुऊन नेली होती. पुढे प्रयोगशाळेत तपासले तेव्हा डीएनए उत्कृष्ट टिकला होता. पण तो कोठला, किती खोलीवरचा, हे सांगता येईना. सगळ्या बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. जहाजावरच्या एका वयस्कर तंत्रज्ञाने तेव्हा आमच्या हातात शिसपेन्सिल दिली आणि म्हणाले, "जाड कागदाच्या चिठ्ठीवर हिने लिहा आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका." शिसे, म्हणजे ग्राफाइट, मद्यार्कात विरघळत नाही. तेव्हापासून आमच्या खिशात पेन्सिल असते.

बारा लाख जनुके आणि दोन पाहुणे

आता अलीकडच्या मोहिमांकडे वळू. एप्रिल २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात क्रेग व्हेंटर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. बर्म्युडाजवळच्या सर्गासो समुद्रातील पृष्ठभागाचे पाणी त्यांनी २००३ साली गोळा केले. ते बारीक छिद्रांच्या गाळणकागदांतून गाळून त्यांवर अडकलेल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए सरसकट वाचला. एकेक जिवाणू वेगळा करून वाढवण्याची गरज राहिली नाही. निबंधात बारा लाखांवर नव्या जनुकांची आणि निदान अठराशे जातींची नोंद होती. कल्पना धाडसी होती, आणि समुद्रातल्या सूक्ष्मजीवांकडे पाहण्याची दृष्टी या निबंधाने बदलली, हे मान्य केले पाहिजे.

आता आमचा तिसरा प्रश्न. या पाण्याच्या पहिल्या नमुन्यात शिवानेला आणि बर्कहोल्डेरिया या दोन जिवाणूंचा डीएनए भरपूर आढळला, तर इतर नमुन्यांत तो जवळजवळ नव्हता. सर्गासो हा पोषक द्रव्यांचा दुष्काळ असलेला समुद्र. बर्कहोल्डेरियाचे नातेवाईक मुख्यतः मातीत, वनस्पतींच्या मुळांशी राहणारे. मग हे पाहुणे तेथे कसे आले? लेखकांनी ही गोष्ट लपवली नाही, आपल्या परीने तिचा खुलासाही सुचवला. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत इतर सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी शंका मांडली की हे जिवाणू समुद्रातले नसावेत. नमुना घेताना किंवा हाताळताना बाहेरून मिसळले असावेत.

अशी शंका आली तर ती फेडायची कशी? यासाठी 'कोरा नमुना' घेण्याची पद्धत आहे. त्याच जहाजावर, त्याच नळीतून, त्याच गाळणकागदावर निर्जंतुक पाणी गाळायचे आणि पुढचे सर्व संस्कार त्याच्यावरही करायचे. त्यात जे सापडेल ते आपले, समुद्राचे नव्हे. रसायनशास्त्राचे शिक्षक अनुमापन करताना कोरे वाचन घेतात, तोच हा प्रकार. दिवसभराच्या धावपळीत निव्वळ शुद्ध पाणी गाळत बसणे कोणालाही जिवावर येते. पण बारा लाखांच्या आकड्यावर विश्वास बसतो तो या कंटाळवाण्या पाण्यामुळे. मथळ्यांनी बारा लाख घरोघर पोचवले आणि दोन पाहुण्यांची गोष्ट तज्ज्ञांपुरतीच राहिली. आमच्या मते वर्गात सांगण्याजोगी तीच अधिक होती. विज्ञान स्वतःची चूक कशी हुडकते, हे तिच्यातून मुलांना कळले असते.

ताराची वही

दुसरे उदाहरण 'तारा' या फ्रेंच शिडाच्या जहाजाचे. छत्तीस मीटर लांबीच्या या जहाजाने २००९ ते २०१३ या काळात जगभरच्या समुद्रांत २१० ठिकाणी थांबून पस्तीस हजारांवर नमुने गोळा केले. २०१० साली ते अरबी समुद्रातूनही गेले. त्यांच्या २०१५ सालच्या निबंधांतला चार कोटी जनुकांचा आकडा गाजला.

आम्हाला मात्र त्याच वर्षी त्यांनी प्रसिद्ध केलेला एक निराळा निबंध अधिक मोलाचा वाटतो. त्यात जनुकांचा शोध असा काही नाही. नमुने कसे घेतले, कोणत्या छिद्रांच्या गाळणकागदातून कोणता भाग वेगळा केला, कोणता द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकला, कोणता इथेनॉलमध्ये आणि कोणता फॉर्मॅलिनमध्ये ठेवला, प्रत्येक नमुन्याला क्रमांक कसा दिला आणि नोंदी कोठे पाहायला मिळतील, एवढेच त्यात आहे. म्हणजे ती मोहिमेची वही आहे. फॉर्मॅलिनला त्यांनी रजा दिलेली नाही, हेही पाहण्यासारखे आहे. एकाच ओढीतले प्राणी वाटून आकारासाठी एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि जनुकांसाठी दुसरा भाग इथेनॉलमध्ये किंवा थंडीत, अशी ही तजवीज आहे.

तरीही काही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. त्यांचे बहुतेक नमुने पृष्ठभागापासून फार तर हजारेक मीटरपर्यंतचे होते. महासागराची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरहून अधिक आहे, म्हणजे बरेचसे पाणी त्यांच्या बाटलीत आलेच नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी भेट एकदाच. आपला अरबी समुद्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात निराळा असतो. खालचे थंड, पोषक पाणी किनाऱ्यालगत वर येते आणि प्लवकांची वस्ती पालटते. एका फेरीतल्या नमुन्यावरून त्याचे स्वरूप ठरवणे म्हणजे पांझरेचे पात्र फक्त मे महिन्यात पाहून ही नदी कोरडी असते असे लिहिण्यासारखे होईल. ताराच्या मंडळींनी तारीख लिहून ठेवल्यामुळेच आपल्याला ही मर्यादा दाखवता येते. चांगली नोंद टीकाकाराच्याही कामी येते ती अशी.

'सिंधु साधना' आणि रक्ताची उपमा

आता आपल्या देशातली मोहीम पाहू. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे 'सिंधु साधना' हे संशोधन-जहाज सुरतेत बांधले गेले. पांझरा, गिरणा, वाघूर या आपल्या नद्यांचे पाणी घेऊन तापी जेथे समुद्राला मिळते, तेथलेच हे जहाज. १४ मार्च २०२१ रोजी विशाखापट्टणमहून ते हिंदी महासागरातील जीवांच्या जनुकीय अभ्यासासाठी निघाले. सुमारे नव्वद दिवसांचा प्रवास आणि सुमारे पाच किलोमीटर खोलीपर्यंतचे नमुने अशी योजना होती. पाण्यातील अत्यल्प प्रमाणातील धातू आणि सूक्ष्मजीव यांचा एकत्र अभ्यास हा या योजनेचा विशेष होता. लोखंड, जस्त असे धातू पाण्यात फार थोडे असतात, आणि सूक्ष्मजीवांचे जगणे पुष्कळदा त्यांवर अवलंबून असते. त्यामुळे दोन्ही एकत्र मोजण्याची कल्पना आम्हाला मनापासून पटते. कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या दिवसांत अशी सफर करणे ही सोपी गोष्ट नव्हती.

आमची तक्रार आहे ती या मोहिमेच्या सांगण्याबद्दल. त्या वेळच्या बातम्यांत एक उपमा वारंवार आली. माणसाच्या रक्ताचा नमुना घेऊन जशी त्याची जनुके वाचतात, तशी महासागराची वाचणार. ऐकायला सोपी, म्हणून वर्गातही ती वापरली गेली असेल. पण ती दिशाभूल करणारी आहे. माणसाचे रक्त बोटातून घ्या की दंडातून, सकाळी घ्या की रात्री, त्यातला जनुकसंच एकाच माणसाचा असतो. समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण पाच ते दहा लाख जिवाणू असतात आणि ते अनेक जातींचे. शंभर मीटर खाली गेले की वस्ती बदलते, दिवस मावळला की बदलते, पाऊस पडला की बदलते. रक्ताच्या नमुन्यावर नुसते नाव पुरते. समुद्राच्या नमुन्यावर मात्र ठिकाण, तारीख, वेळ आणि खोली नसेल तर त्याला अर्थ उरत नाही. उपमा द्यायचीच तर गावाच्या जत्रेची द्यावी. जत्रेचे एक छायाचित्र म्हणजे गावाची शिरगणती नव्हे.

'पाच किलोमीटर' हा आकडाही जरा थांबून पाहू. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे. बाटल्यांची चौकट तारेने वर ओढण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला एक मीटर धरू. पाच हजार मीटरला पाच हजार सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे. खाली पाणी दोन-तीन अंशांचे, तर विषुववृत्ताजवळ वर अठ्ठावीस-तीस अंशांचे. दाब खाली पाचशे वातावरणांच्या आसपास, वर एक. बाटली खालीच बंद झालेली असते, त्यामुळे आतल्या जिवाणूंचा डीएनए तोच राहतो. पण काही मिनिटांत बदलणारा आरएनए त्या ८३ मिनिटांत खोल समुद्रातल्या जगण्याविषयी सांगायचे सोडून वर येतानाच्या हालांविषयी सांगू लागतो. म्हणून काही ठिकाणी पाण्याखालीच नमुना गाळून तेथेच परिरक्षक द्रव सोडणारी उपकरणे वापरतात. खोल समुद्रातील जनुके 'काम करताना' पाहिली असे कोणी लिहिले, की ही ८३ मिनिटे आठवावीत.

परवानगीची नोंद

चौथा प्रश्न राहिला. सर्गासोनंतर व्हेंटर यांचे 'सॉर्सरर दोन' हे जहाज इतर देशांच्या किनाऱ्यांजवळून पाण्याचे नमुने घेत गेले, तेव्हा परवानग्यांवरून वाद झाले आणि जैविक चाचेगिरीचा आरोपही झाला. बादलीभर पाण्याला परवानगी कसली, असे पूर्वी कोणी म्हणाले असते. पण त्या पाण्यातल्या जनुकांपासून औषध किंवा विकर तयार झाले तर फायदा कोणाचा, हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे २००२ सालचा जैवविविधता कायदा यासाठीच आहे. कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेल्या खोल समुद्रासाठी संयुक्त राष्ट्रांत २०२३ साली करार स्वीकारला गेला आणि जानेवारी २०२६ मध्ये तो अमलात आला. जनुकीय अभ्यासासाठी तेथून नमुने घ्यायचे तर आधी कळवायचे, ओळखक्रमांक घ्यायचा आणि नंतर नमुने कोठे ठेवले तेही सांगायचे, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे त्या तंत्रज्ञाने शिकवलेली आतली चिठ्ठी आता आंतरराष्ट्रीय कायद्यात आली आहे.

केळे आणि परीक्षानळी

शेवटी पुन्हा खानदेशात येऊ. जळगावच्या एका कार्यशाळेत शिक्षकांनी केळ्यातून डीएनए काढण्याचा परिचित प्रयोग केला. केळे कुस्करले, मीठ व भांडी घासण्याचा द्रव साबण घातला, गाळले, वरून थंड स्पिरिट हळूच सोडले. पांढरे तंतू वर आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या तंतूंत डीएनएखेरीज आरएनए, प्रथिने आणि केळ्यातले पेक्टिनही असते, हे आम्ही सांगितले. मग विचारले, "पिकल्या केळ्याची परीक्षानळी कोणती आणि कच्च्याची कोणती?" स्टँडमध्ये आठ परीक्षानळ्या होत्या आणि एकीवरही खूण नव्हती. क्षणभर शांतता, मग हशा. आम्हीही हसलो, कारण आम्हाला आमची ती पांढरी झाकणे आठवली.

शिक्षकांनी यानंतर एक सोपा प्रयोग वर्गात करावा. जाड कागदाच्या चार चिठ्ठ्या घ्या. एकीवर बॉलपेनने, एकीवर स्केचपेनने, एकीवर मार्करने आणि एकीवर शिसपेन्सिलीने आजची तारीख व गावाचे नाव लिहा. चारही चिठ्ठ्या वेगवेगळ्या लहान बाटल्यांत स्पिरिटमध्ये बुडवून आठवडाभर ठेवा. पाचव्या बाटलीत कोरी चिठ्ठी ठेवा, म्हणजे कोऱ्या नमुन्याचा अर्थ आपोआप कळेल. स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळपास ज्योत नको. फॉर्मॅलिन मुलांच्या हाती देऊ नये, ते विषारी आहे. आठवड्याने कोणती अक्षरे उरली ते मुलांनाच पाहू द्यावे.

आणि पुढच्या वेळी वर्तमानपत्रात समुद्रातल्या लाखो जनुकांची बातमी आली, की फळ्यावर ते चार प्रश्न लिहून बातमी मोठ्याने वाचावी. बहुतेक वेळा पहिल्याचे अर्धे उत्तर मिळेल, बाकीच्यांचे मिळणार नाही. तेवढ्यावरून संशोधन वाईट ठरत नाही. बातमी अपुरी आहे एवढेच ठरते, आणि मूळ निबंधातला पद्धतीचा भाग शोधून वाचण्याचे कारण मिळते.

धुळ्याजवळच्या त्या शाळेत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तारामाशाची बरणी कपाटात जागच्या जागी होती. नावाच्या कागदाखाली आता आणखी एक लहान कागद होता. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते : 'ठिकाण माहीत नाही. तारीख माहीत नाही. द्रव बहुधा फॉर्मॅलिन.' अक्षर त्या मुलीचे होते. बरण्यांच्या त्या रांगेत आम्हाला भरवशाची वाटलेली नोंद तेवढी एकच.